शाल आत, जॅकेट वर

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला लागला, की परभणीकरांच्या घरी ट्रंकेतले स्वेटर बाहेर येतात. परगावच्या पाहुण्यांना हे पटत नाही. मराठवाडा म्हणजे उन्हाळा, एवढेच त्यांना ठाऊक! डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या कृषी विद्यापीठात पारा ३ अंशांपर्यंत उतरला होता असे सांगितले, तर आपल्याकडेच संशयाने पाहतात.

गेल्या पौषात पुण्याचे भाऊजी, ताई आणि आत्याबाई यांना घेऊन आम्ही जिंतूर तालुक्यात येलदरीला गेलो. पूर्णा नदीवरचे हे मोठे धरण. एका परिचितांच्या मोटारबोटीतून पक्षी पाहायचे ठरले होते. पोचलो तर पाण्यावर दाट धुके. "पाणी तापलंय का?" भाचीने विचारले. एका अर्थी खरेच! रात्रीत हवा झपाट्याने गार होते, एवढे मोठे पाणी होत नाही. त्याची वाफ गार हवेत धुके होऊन दिसते. नावाड्याने ते विरेपर्यंत बोट हलवली नाही. भाऊजी कुरकुरले, पण समोरचा बुंधा किंवा मासेमारीचे जाळे दिसत नसताना निघण्यात कसली हौस?

आत्याबाईंनी लाइफ जॅकेट घातले आणि वरून शाल लपेटली. नावाडी हसून म्हणाला, "माय, शाल आत घ्या, जाकीट वर." माणूस पाण्यात पडला तर भिजलेली शाल हातांना गुंडाळते, ओढून काढणाऱ्याला जॅकेटचा पट्टाही सापडत नाही. शिवाय स्वेटरवर घट्ट बसवलेले जॅकेट वारा अडवते, हा वेगळा नफा. हवा १० अंश असली आणि बोट ताशी २० किलोमीटरने निघाली, की अंगाला ती ७ अंशांसारखी बोचते. म्हणून कानटोपी हवी, आणि पदर-मफलरची टोके खोचलेली.

खरी चूक भाऊजींनी केली. ऊब मिळावी म्हणून ते मागे इंजिनाजवळ बसले आणि ताडपत्री सगळीकडून खाली सोडली. अर्ध्या तासात डोके दुखू लागले, मळमळले. "बोट लागली," ताई म्हणाली. नावाड्याने मात्र लगेच इंजिन बंद करून ताडपत्री गुंडाळली आणि त्यांना पुढे मोकळ्या हवेत नेले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. चालत्या बोटीच्या मागे हवेची पोकळी होते आणि धूर आत ओढला जातो. बंदिस्त जागेत हा वायू जीवही घेतो. थंडीपेक्षा थंडीचा असा बंदोबस्त अधिक वाईट! बोटीत शेगडी नेणारेही पाहिले आहेत, पेट्रोलशेजारी निखारे!

आणि पडलोच पाण्यात तर? पहिल्या धापेला घाबरू नये, तोंड वर ठेवावे, बोट धरून राहावे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढते. उगाच पोहत सुटू नये. काठावर आल्यावर आधी ओले कपडे उतरवावेत, मग घोंगडी, मग गोड चहा. ब्रँडीने ऊब आल्यासारखी वाटते, पण ती कातडीवाटे निघून जाते.

दुपारी शेतावर हुरडा होता. भाऊजी आगटीजवळ बसले, पण आधी वारा कुठून येतो ते दोनदा पाहून.