ट्रकचा संगणक खरोखरच बिघडला आहे काय?

भिवंडीला कधी आलात तर अंजूरफाटा, काल्हेर, माणकोली या भागांतून एक फेरफटका मारा. जिकडे तिकडे गोदामे आणि त्यांच्या दारांत ट्रक. यंत्रमागांचे गाव म्हणून भिवंडीची ख्याती जुनी आहे. आता ते मुंबईच्या मालाचे कोठारही झाले आहे. या गर्दीत एखादा दहा-बारा वर्षे जुना ट्रक केबिन पुढे कलंडवून उभा दिसतो. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. चार जण जमतात, थोडी चर्चा होते आणि निकाल लागतो, “ईसीएम गेला!”

ईसीएम म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा लहानसा संगणक. दिसायला वहीएवढी ॲल्युमिनियमची पेटी. नवी घ्यायची तर एकच ट्रक असलेल्या मालकाची कित्येक फेऱ्यांची कमाई तिच्यात जाते, आणि ती येईपर्यंत माल अडकून पडतो तो वेगळाच. माझे मत असे, की हा निकाल अनेकदा पुराव्यावाचून दिला जातो. पुरावा गोळा करण्याचे शास्त्र तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच आहे. ते ट्रकपर्यंत नेऊन दाखवण्याचे काम मात्र आपण शिक्षक करत नाही.

पूर्वीच्या ट्रकांत ही पेटी नव्हती. डिझेल केव्हा आणि किती सोडायचे ते यांत्रिक पंप ठरवत असे. फिरणारी वजने आणि स्प्रिंगा हीच त्याची बुद्धी. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. भारत टप्पा-४ ची मानके २०१० मध्ये मुंबईसह काही मोठ्या शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. टप्पा-६ ची १ एप्रिल २०२० पासून. तसतसे हे काम पेटीकडे आले. जुने मिस्त्री अजून पंपाच्या आठवणीने हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. त्या पंपाच्या ट्रकमागे चढावावर चाललेल्या माणसाला विचारा!

पेटीचे काम किती नाजूक आहे ते एका गणिताने कळेल. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ०.०३ सेकंद लागतो. फेऱ्याचे ३६० अंश. म्हणजे एका अंशाला सेकंदाचा बारा हजारावा भाग. डिझेलची फवार एखाद्या-दुसऱ्या अंशाच्या अचूकतेने सुटावी लागते, आणि तीही हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबाने. यासाठी पेटीला दोन गोष्टी हव्यात : पुरेशी वीज आणि इंजिनाची खरी बातमी. दोहोंपैकी एक जरी मिळाली नाही तरी पेटी गप्प बसते, आणि आरोप तिच्यावरच येतो.

प्रथम वीज. ट्रकमध्ये १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असतात, म्हणून पुरवठा २४ व्होल्टांचा. समजा, पेटीकडे जाणाऱ्या तारेच्या जोडात गंज चढून तेथे ५ ओहमचा रोध तयार झाला आहे. वायरमन पेटीचा कपलर काढतो आणि मल्टिमीटर लावतो. मीटर २४ व्होल्ट दाखवतो. “सप्लाय बरोबर आहे, म्हणजे पेटीच गेली.” तर्क कोठे चुकला? डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारी धारा अवघी २.४ मायक्रोअँपिअर. ओहमच्या नियमाप्रमाणे गंजलेल्या जोडावर पडणारे विभवांतर १२ मायक्रोव्होल्ट! मीटरला गंज दिसतच नाही. पेटी मात्र कामाला लागली की काही अँपिअर मागते. तिने ३ अँपिअर मागितले तर जोडावरच १५ व्होल्ट खर्ची पडतील आणि तिच्या वाट्याला ९ उरतील.

जुना वायरमन अशा वेळी इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा लावतो. हा दिवा एक अँपिअरच्या आसपास धारा ओढतो, आणि जोड खराब असेल तर मंद पेटतो. त्या दिव्याला आपण मागासलेपणाची खूण समजतो. वास्तविक या चाचणीत तो महागड्या मीटरपेक्षा शहाणा ठरतो, कारण तो तारेकडून काम करवून घेतो. (मात्र तो फक्त पुरवठ्याच्या तारेवरच लावायचा. संवेदकांच्या बारीक तारांवर लावला तर चांगली पेटीही जळू शकेल.) बॅटरीच्या ऋण टोकापासून चेसिसपर्यंतच्या जोडालाही हेच लागू, अर्थची वायर सैल असल्याने अडलेले ट्रक काही थोडे नसतात.

शिक्षकांना विनंती, की हा प्रयोग वर्गात जरूर करावा. ६ व्होल्टांची बॅटरी, ६ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा बल्ब आणि १० ओहमचा एक रोधक पुरे. रोधकातून आलेल्या टोकांवर नुसता मीटर लावा. ६ व्होल्ट दिसतील. मीटर तसाच ठेवून बल्ब जोडा; काटा वा आकडा चारच्या आसपास उतरेल. ओहमच्या नियमावर दहा उदाहरणे सोडवून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका घसरणीने शिरते.

आता बातमी. इंजिनाचा दांडा कोणत्या कोनात आहे हे सांगणारा संवेदक अनेक इंजिनांत म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तारेची वेटोळी. समोरून दातेरी चाक फिरते, चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले प्रवर्तन ते हेच. हा दाब बदलाच्या वेगावर अवलंबून असतो. इंजिन १,५०० फेऱ्यांनी चालताना जेवढा दाब मिळतो, त्याच्या दहावा भागच सेल्फवर १५० फेऱ्यांनी फिरताना मिळणार. त्यातच बॅटरी थकलेली, संवेदकाच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला. पेटीला इंजिन फिरतच नाही असे वाटते आणि ती डिझेल सोडत नाही. दोष कोणाचा?

याचा अर्थ पेटी कधी मरतच नाही असा नाही. जुन्या ट्रकात ती खरोखर खंगत जाते. विद्युत्‌अपघटनी धारित्रातील द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. शिवाय तापणे आणि निवणे रोजचेच. तापमान १०० अंशांनी वाढले तर मीटरभर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, तेवढेच सिरॅमिक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. न जुळणारे असे पदार्थ शेजारी बांधले की ओढाताण बारीक डाख सोसतो आणि एक दिवस तडकतो. पावसाळ्यात पाणी तांब्याच्या तंतूंमधल्या फटींतून केशाकर्षणाने पेटीपर्यंत चढते. बॅटरी न सोडता चेसिसवर केलेले वेल्डिंगही पेटीच्या जिवावर उठते. तडकलेल्या डाखाचा ट्रक सकाळी ठाकठीक असतो, कसारा घाटात गरम झाला की बंद पडतो, आणि निवला की पुन्हा सुरू होतो. पण सावधान! आतून तार तुटत आलेला संवेदकही हुबेहूब असाच वागतो. म्हणून बिघाड झालेला असतानाच मोजमाप करावे लागते. निवलेल्या ट्रकावर केलेली तपासणी फारशी उपयोगाची नाही.

समजा, पुरावा मिळाला आणि पेटी बदलायची ठरली. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून तशीच दिसणारी पेटी आणून बसवली की झाले, असे तुम्ही म्हणाल. तसे होत नाही. एकच इंजिन निरनिराळ्या शक्तीचे म्हणून विकले जाते आणि तो फरक पेटीतील माहितीत असतो. प्रत्येक नोझल दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळे उतरते. अनेक इंजिनांत हा फरक सांगणारा संकेतांक नोझलवर कोरलेला असतो आणि तो पेटीला कळवावा लागतो. नवी पेटी या बाबतीत कोरी पाटी असते. ती लिहिण्याचे साधन ज्याच्या हाती, त्याच्याकडेच ट्रक ओढून न्यावा लागतो.

येथे प्रश्न पदार्थविज्ञानाच्या बाहेर जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटारकंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हा त्यामागचा ठपका होता. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोटारदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळही सुरू केले. त्यात वाहनेही येतात.

कंपन्यांची एक भीती खोटी नाही. पेटीत वाटेल ते लिहिता आले तर जास्त ताकदीच्या हव्यासाने धुराचे नियम धाब्यावर बसवणारे निघतील. तसे उद्योग करणारे आहेतही. पण पेटी वाचणे आणि पेटीत लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुराशी संबंधित माहिती बदलण्यावर खुशाल कुलूप असावे. वाचण्यावर कशाला? पूर्वी रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आत त्याच्या परिपथाचा आराखडा चिकटवलेला आढळे. तसाच ट्रकबरोबर वायरिंगचा आराखडा, प्रत्येक संवेदकाचे अपेक्षित आकडे आणि पेटीतील मूळ माहितीची प्रत मालकाच्या हाती मिळावी. मग माणकोलीच्या नाक्यावरचा वायरमनही दिवा आणि मीटर घेऊन, कपलरमागून कपलर, खरा गुन्हेगार शोधू शकेल.