ग्रंथपालबाईंची हक्काची रजा

दर 12 ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालून कॉलेजांत ग्रंथपाल दिन साजरा होतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार कॉलेज ग्रंथपालाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये, सहायक प्राध्यापकाइतकंच. पण ते कायम नेमणूक असेल तर! आमच्या फलटणकडच्या शिकल्या-सवरल्या मुलींना कंत्राटावर काम करताना बाळंतपणाचीच धास्ती वाटते.

मैत्रिणींनो, 2000 साली सुप्रीम कोर्टानं दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती रजेचा हक्क दिला. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना ही पगारी रजा 26 आठवड्यांची आहे. कंत्राट मध्येच संपलं तरी लाभ थांबत नाही, असंही कोर्टानं 2023 मध्ये सांगितलं. मात्र आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. तेव्हा तोंडी विनवण्या नकोत. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.