देखरेख आणि पाळत

फाल्गुनातल्या एका रविवारी शिरड शहापूरला गेलो होतो. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. त्याआधी हे गाव परभणी जिल्ह्यात होते आणि माझ्या बँकेतल्या नोकरीची सुरुवातीची वर्षे याच भागात गेली. बाहेरची मंडळी इथे येतात ती मल्लिनाथाच्या दर्शनाला. मी गेलो तो एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि ओसरीवर त्याची लेक मोबाइल हातात धरून बसली होती. सुट्टीचा दिवस, पण तिचा जीव त्या यंत्रात अडकलेला.

ही मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका आरोग्य कार्यालयात कंत्राटी नोकरी करते. औषधांचा साठा, अहवाल, पत्रव्यवहार असे तिचे काम.

"काका, काम जास्त आहे ही माझी तक्रारच नाही," ती म्हणाली. "पण एक ओळसुद्धा माझी मला लिहू देत नाहीत."

तीन ओळींचे पत्र पाच वेळा परत येते. काल खोडलेला शब्द आज साहेबच पुन्हा घालतात. सकाळी दिलेली माहिती दुपारी मागतात, संध्याकाळी पुन्हा. जागेवरून उठायचे तरी ग्रुपवर कळवायचे. हे सारे ऐकताना मी मान डोलावत होतो. पुढचे ऐकले आणि थांबलो.

गरोदर बायकांना द्यायच्या लोहाच्या गोळ्या संपत आल्या आहेत, हे तिला रजिस्टरात दिसले होते. ती बोलली नाही. कारण मागे एकदा असेच आपणहून सांगितले तेव्हा "तुम्हाला कोणी विचारलं?" असे सर्वांसमक्ष ऐकावे लागले होते. गोळ्या संपल्या. तपासणीला आलेल्या बायका रिकाम्या हाताने परत गेल्या.

"त्या दिवशी माझीच मला लाज वाटली," ती म्हणाली.

वाचकहो, मी त्या साहेबांना नावे ठेवणार होतो, पण जीभ रेटेना. कारण तसा साहेब मीही होतो. नव्याने शाखाधिकारी झालो तेव्हा एका कारकुनाचे प्रत्येक व्हाउचर मी स्वतः तपासत असे, लेजरमधली प्रत्येक बेरीज पुन्हा मारत असे. अर्धवार्षिक हिशेबाच्या वेळी एका खात्याची रक्कम दुसऱ्याच खात्यात जमा झालेली सापडली. मी भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही बघताच ना, म्हणून मी बघणं सोडलं." दोघे तपासत होतो असे मला वाटत होते. खरे तर कोणीच तपासत नव्हते.

याचा अर्थ तपासणी नको, असा नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. त्याचा अपमान कोणाला वाटत नाही. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे, म्हणून शीतपेटीच्या तापमानाची नोंद दिवसातून दोनदा होते. ती झालीच पाहिजे. जिथे पैसा आणि प्राण यांचा प्रश्न आहे तिथे देखरेख हवीच. पण देखरेख कामावर असते, पाळत माणसावर. पाळतीखालचा माणूस हळूहळू कामाकडे पाहायचे सोडून साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो.

यावर कोणी म्हणेल, अडाणी माणसांवर विसंबायचे कसे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत बेताचे शिक्षण झालेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंतची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. तिथेही देखरेख होती. डॉक्टर ठरावीक दिवसांनी येत, नोंदी पाहत, चुकले तर शिकवत. पण रात्री बाळाजवळ बसलेल्या बाईला कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागत नव्हती.

साहेबांचीही एक बाजू आहे. त्यांच्या डोक्यावर जिल्हा, जिल्ह्याच्या डोक्यावर मुंबई. वरून आकडा मागितला जातो आणि भीती पायरीपायरीने खाली उतरते. सर्वांत खालच्या पायरीवर ही मुलगी असते आणि तिच्याही खाली ती रिकाम्या हाताने परतलेली बाई.

मी तिला एवढेच म्हणालो, "पोरी, साठा कमी झालेला दिसला की दोन ओळी लिहून, तारीख घालून देत जा. रागावू देत. ती दोन ओळींची जागा तुझी आहे, ती सोडू नकोस." ती हसली. तेवढ्यात फोन वाजला आणि ती उठून आत गेली.

परतीच्या बसमध्ये मला तो कारकून आठवत राहिला. त्याने बघणे सोडले, असा शेरा मी तेव्हा त्याच्या नावावर लिहिला होता. तो माझ्या नावावर पडायला हवा होता. हे त्याला सांगायचे राहून गेले.