दरीतली फेरी आणि वेळेचा हिशेब

करमाळा तालुका उघड्या माळाचा. एका अंगाला भीमेवरील उजनी जलाशयाचे विस्तीर्ण पाणी, दुसऱ्या अंगाला सीना. मधल्या भागात सावलीसाठी बांधावरची बाभूळ किंवा लिंब शोधावा लागतो. झाडीतून, ओढ्याच्या काठाने दिवसभर हिंडावे, अशी हौस असणाऱ्या कुटुंबाला तालुक्याबाहेरच जावे लागते. परंडा, बार्शीमार्गे मोटारीने सुमारे दोन तासांवर असलेले येडशीचे रामलिंग हे त्यासाठी सोयीचे ठिकाण होय. बालाघाटाच्या रांगेतील हा परिसर १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. पानझडी जंगल, मोर, माकडे आणि तळाशी ओढ्याच्या वळणात महादेवाचे जुने मंदिर. जटायूची कथा लोक याच स्थानाशी जोडतात. कुंथलगिरी सिद्धक्षेत्रही याच धाराशिव जिल्ह्यात असल्याने आपल्या समाजातील अनेकांना हा मुलूख अपरिचित नाही.

मात्र कुंथलगिरीची सवय येथे दिशाभूल करते. तीर्थक्षेत्राच्या टेकडीवर चढ आधी येतो. पाय ताजे असतात, ऊन्ह कोवळे असते आणि दर्शनानंतर उतार लागतो. सम्मेद शिखरजीची वंदना तर सर्वांना ठाऊक असलेली मोठी फेरीच आहे: ९ किलोमीटर चढ, ९ किलोमीटर टोंकांचे दर्शन, ९ किलोमीटर उतार, एकूण २७. दमलेला यात्रेकरू शेवटी खाली येत असतो. दरीत हा क्रम उलटतो. रस्ता पठारावरून येतो, पायऱ्या खाली नेतात, मंदिरापाशी मुले बागडतात आणि सारे सोपे वाटते. चढणीची थकबाकी परतताना, दुपारी, भरल्या पोटी फेडावी लागते. शिखरजी करून आलेल्या माणसालाही दरी दमवते, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

म्हणून बेत आखताना अंतरापेक्षा वेळ आधी मोजावी. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरात आहे: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, फेरी ८ किलोमीटरची आणि एकूण चढ २०० मीटरचा आहे. हिशेब दोन तासांच्या आत येतो. पण तो धडधाकट, सरावलेल्या माणसाचा. आजी-आजोबा आणि दहा वर्षांची नातवंडे बरोबर असतील, तर दीडपट करावी, म्हणजे तीन तास. दर तासाला दहा मिनिटांची विश्रांती, मंदिर आणि डबा यांना मिळून एक तास धरला, की साडेचार तास झाले.

आता हाच आकडा घड्याळावर ठेवून पाहावा. पहाटे सहाला करमाळा सोडणारे कुटुंब आठला चालू लागते आणि साडेबाराला मोकळे होते. चहा-नाश्ता उरकून साडेनऊला निघणारे, वाटेतील थांबे धरून, बाराला चालू लागते. त्याचे साडेचार वाजतात. नोव्हेंबरअखेर या भागात सूर्य सहाच्या आत मावळतो. राहिला जेमतेम सव्वा तास. एखाद्याचा पाय मुरगळला, तर तो सव्वा तास संपतो आणि घरातील ज्येष्ठांचे सूर्यास्तापूर्वीचे भोजनही हुकते. डबा दोन वेळचा घ्यावा, हे गृहिणींना सांगावे लागत नाही. पण तो पिशवीत बंद असावा. माकडे हातातले ओढून नेतात.

ऋतू कार्तिकानंतरचाच निवडावा. चातुर्मासात हिरवळ तुडवू नये, हा आपला परिपाठ. त्याला येथे व्यवहाराचाही आधार आहे. काळ्या कातळावरचे पाणी मुरण्याआधीच वाहू लागते. दरीत ऊन पडलेले असताना वर पठारावर सर आली, तरी ओढा फुगतो. उलट फाल्गुनापर्यंत पाने गळतात, सावली उरत नाही आणि ओढ्याचा भरवसा संपतो. पाणी घरूनच न्यावे, माणशी दोन लिटर.

अभयारण्य असल्याने वाट आपल्या मनाने काढता येत नाही. कोणत्या पायवाटा खुल्या आहेत, हे वन विभागाकडे आधीच विचारून घ्यावे. दोन वाटा मिळाल्या, तर दिशेचाही विचार व्हावा. गुडघेदुखी असणाऱ्याला उतार जड जातो, त्याने सौम्य वाटेने उतरून पायऱ्यांनी चढावे. धाप लागणाऱ्याने याच्या उलट करावे. एकाच घरात दोन्ही तक्रारी असतात, तेव्हा धापेची बाजू घ्यावी. गुडघ्याला काठीचा आधार मिळतो.

परतीचा निर्णय मंदिरापाशीच व्हावा. तोवर आल्या वाटेने मागे फिरता येते. फेरीचा अर्धा भाग ओलांडल्यावर पुढचीच वाट जवळची ठरते, मग दमलेल्याला ‘थोडेच राहिले’ म्हणत ओढत न्यावे लागते. आजोबांना ‘तुम्ही येथेच बसा’ असे ऐनवेळी सांगणे अवघड. त्यापेक्षा त्यांच्यासोबत कोण थांबेल आणि पायऱ्या चढून त्यांना गाडीपर्यंत कोण नेईल, हे आदल्या रात्री जेवताना ठरलेले बरे.

दरीत मोबाइलला रेंज मिळेलच, असे नाही. निघण्याची वेळ, वाट, बरोबरची माणसे आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर’ ही वेळ, एवढे एका कागदावर लिहून तो कागद घरी राहणाऱ्याच्या हाती द्यावा. त्या वेळेनंतर कोणाला फोन करायचा, तो क्रमांकही त्यावरच असावा.