कपाळावर काय लागलंय गं?

‘‘ए, कपाळावर काय लागलंय गं?’’

दरवर्षी एका बुधवारी हा प्रश्न मी किमान दहा वेळा ऐकते. पहिल्यांदा लोकलच्या लेडीज डब्यात. मग लिफ्टमध्ये. मग चहाच्या मशीनपाशी. एखादी मैत्रीण तर विचारायच्या भानगडीतही पडत नाही. थेट पर्समधून वेट वाइप काढते आणि पुसायलाच धावते. ‘‘अगं थांब, ते मुद्दाम लावलंय!’’ असं मला ओरडावं लागतं.

तर मंडळी, ती राख असते. राखेच्या बुधवारची. ईस्टरच्या आधीचा आमचा ४० दिवसांचा उपवासकाळ (रविवार त्यात मोजत नाहीत) या दिवशी सुरू होतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात आणि मिस्सेत फादर तिने कपाळावर क्रूस काढतात. आपण मातीचे आहोत आणि एक दिवस मातीतच जायचंय, याची ती आठवण. सकाळी साडेसहाला हे ऐकायचं आणि आठच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी भांडायचं. मुंबई आहे बॉस!

मी वसईची. कॅथलिक. ‘‘तुझं मराठी किती छान आहे गं!’’ ही कॉम्प्लिमेंट मास कॉमच्या पहिल्या दिवसापासून ऐकतेय. आता छान नसायला काय झालं? घर मराठी, शाळा मराठी, मिस्सासुद्धा मराठी. १५३४ ते १७३९ वसईत पोर्तुगीज होते, म्हणून आडनावं तेवढी तशी. माझी आजी लाल लुगडं नेसून दादरला भाजी विकायला यायची. गिऱ्हाइकं म्हणायची, ‘‘मावशी, तुम्ही ख्रिश्चन वाटत नाही हो!’’ आता हिंदी सिनेमातल्यासारखा फ्रॉक घालून आजीने मुळ्याच्या जुड्या विकायच्या होत्या की काय? वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा वाटलं, चला, आता तरी हा प्रश्न सुटला. कसलं काय! दुसऱ्याच आठवड्यात एकीने विचारलं, ‘‘तुम्ही घरी इंग्लिशच बोलता ना?’’

गंमत म्हणजे हा घोळ फार जुना आहे. साधारण दुसऱ्या शतकातलं एक ग्रीक पत्र आहे, दिओग्नेतस नावाच्या गृहस्थाला लिहिलेलं. लिहिणारा कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. पण तो म्हणतो ते साधारण असं, की ख्रिस्ती लोकांचा देश वेगळा नाही, भाषा वेगळी नाही, पेहराव वेगळा नाही. ते सगळ्यांसारखीच लग्नं करतात, त्यांना पोरंबाळं होतात. फक्त जन्मलेलं मूल ते टाकून देत नाहीत. म्हणजे वेगळेपण शोधायचं तर ते वागण्यात.

वाचायला एकदम सॉलिड. जगायला जरा कठीण.

कारण उपवासाने आपल्याकडे कोणी वेगळं ठरत नाही. मंगळवारी अर्धं ऑफिस साबुदाण्याच्या खिचडीवर असतं. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग. रमजानमध्ये पलीकडच्या डेस्कवरचा मित्र घोटभर पाणीही न पिता एक्सेल शीट भरत बसतो. त्यांच्यापुढे माझा राखेच्या बुधवारचा उपवास म्हणजे अगदीच लिंबूटिंबू. १८ ते ५९ वयाच्या माणसांनी त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं, मांस अजिबात नाही. त्यामुळे ‘सेक्युलर जगात ख्रिस्ती म्हणून कसं जगायचं’ यावर आमच्या चर्चमध्ये युवकांसाठी भाषणं होतात ना, तेव्हा मला हसू येतं. आपलं सेक्युलर जग बिनदेवाचं नाहीच. तिथे सगळ्यांचे सगळे देव असतात आणि फराळाच्या डब्यावरून कुणाचंच भांडण नसतं.

मग कठीण कुठे जातं? सांगते. पण त्यासाठी एक गोष्ट कबूल करावी लागेल.

२०२४ मध्ये राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला. हो, व्हॅलेंटाइन्स डे! २०१८ मध्येही तसंच झालं होतं आणि २०२९ मध्ये पुन्हा होणार आहे. ऑफिसभर लाल फुगे, लाल टॉप, लाल कपकेक. आणि मी कपाळावर काळा क्रूस घेऊन, ब्लॅक कॉफीवर. ‘‘ब्रेकअप झालं का?’’ असंही एकाने विचारून घेतलं.

त्या दिवशी एका पुरवणीच्या डेस्कवर बसून काम करत होते. ‘यंदाचा व्हॅलेंटाइन कसा गेला?’ असा टिपिकल फीचर. पाच तरुणांच्या प्रतिक्रिया, फोटोंसकट, संध्याकाळी सहापर्यंत. साडेपाचला माझ्याकडे तीनच होत्या. बाकीचे फोन उचलत नव्हते. उचलतील कसे? डेटवर होते बिचारे!

डेस्कवरचे सर म्हणाले, ‘‘अगं, उरलेल्या दोन तूच बनव. फोटोंचं बघतो मी. प्रेमावरच्या प्रतिक्रिया कोण क्रॉसचेक करतंय?’’

पुढे काय झालं, ते मला मिनिटामिनिटाला आठवतंय. मी उठले. वॉशरूममध्ये गेले. टिश्यू ओला केला आणि आरशात बघत राख पुसली. नीट, घासून. मग जागेवर येऊन बसले आणि टाइप केलं, ठाण्याची मुलगी, वय २४, सॉफ्टवेअरमध्ये. बॉयफ्रेंडने दिलेल्या गुलाबापेक्षा त्याने भरलेलं माझं लाइट बिल जास्त रोमँटिक वाटलं, असं ती ‘म्हणाली’. दुसरा पुण्याचा, वय २६. पाच वाजून पन्नास मिनिटांनी कॉपी फाइल. डन!

दुसऱ्या दिवशी मेसेज आले, ‘‘ती ठाण्याची मुलगी किती क्यूट आहे गं!’’ सगळ्यात जास्त आवडली ती नेमकी नसलेली मुलगी.

खोटं बोलण्यापेक्षाही मला त्या टिश्यूचा त्रास जास्त झाला. राख काही सिक्युरिटी कॅमेरा नव्हती. कपाळावर असती तरी मी टाइप करू शकले असते. मग आधी पुसली का? कारण मला वाटत होतं, राख म्हणजे ‘ही बाई चांगली आहे’ असा शिक्का. आणि चांगल्या बाईने हे करायचं नसतं. म्हणून शिक्का काढायचा, काम उरकायचं.

इथेच माझा सगळा फंडा चुकला होता. बघा ना, राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातला जो उतारा वाचतात, त्यात येशू सांगतो, की उपवास कराल तर तोंड धुवा, लोकांना दाखवत फिरू नका. आणि ते ऐकल्याबरोबर आम्ही रांगेत उभं राहून कपाळाला राख लावून घेतो! लहानपणी मला हा मोठा विनोद वाटायचा. आता वाटतं, राख चांगुलपणाची जाहिरात असती तर तो विनोदच झाला असता. पण ती जाहिरात नाही. ती कबुली आहे. ‘मी चुकते’ असं कपाळावर लिहून घ्यायचं.

आणि आपल्या जगात हीच गोष्ट सगळ्यात आऊटडेटेड आहे. इंटरव्ह्यूमध्ये ‘तुमचा वीकनेस काय?’ विचारलं, की आपण काय सांगतो? ‘‘सर, मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.’’ अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तर चूक नसतेच, ‘लर्निंग’ असतं. चुकलं, असं साध्या मराठीत म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

गुड फ्रायडेच्या आठवडाभर आधी मी कन्फेशनला गेले. जाळीपलीकडून फादरनी एकच विचारलं, ‘‘दुरुस्त करता येण्यासारखं आहे का?’’ मला वाटलं होतं, चार प्रार्थना सांगतील नि सोडतील. मी बाहेर आले, स्टेशनपर्यंत चालत गेले आणि सरांना फोन लावला. ‘‘सर, त्या दोन प्रतिक्रिया मी बनवल्या होत्या. खुलासा छापता येईल का?’’

ते आधी हसले. मग गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘हे तू मला सांगायला नको होतंस.’’ खुलासा छापून आला नाही. पुढचे चार महिने त्या डेस्कवरून फोनही नाही. फ्रीलान्सरसाठी चार महिने म्हणजे काय, हे ईएमआय भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. यात छळबिळ काही नव्हता हं! चूक माझीच होती, तिचं बिल आलं होतं.

आजीची आठवण तेव्हा खूप आली. तिचा हिशेब कधी चुकायचाच. पाढे यायचे नाहीत तिला. पण गिऱ्हाइकाचे दोन रुपये जास्त घेतले गेले, तर दुसऱ्या दिवशी ती ते परत करायची, ‘‘काल चुकलं हो ताई’’ असं चारचौघांत सांगून. त्या ताईंना तिचा धर्म शेवटपर्यंत कळला नसेल. पण भाजी मात्र तिच्याकडूनच घ्यायच्या.

२०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला होता. डेस्क दुसरं, फीचर वेगळा, पण आकडा तोच, पाच प्रतिक्रिया. माझ्याकडे पुन्हा तीन! मी तीनच दिल्या. ‘‘दोन मिळाल्या नाहीत, फोटो मोठा लावा प्लीज.’’ वरची बाई वैतागली, पण फोटो मोठा लागला. पान चांगलं दिसलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आकाशवाणीही झाली नाही. आणि पुढच्या वेळी मी घसरणार नाही, अशी गॅरंटी मी स्वतःलाही देत नाही. म्हणून तर दरवर्षी रांगेत उभी राहते.

त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये नवीन आलेली इंटर्न माझ्याकडे निरखून बघत होती. शेवटी तिने विचारलंच, ‘‘मॅम, तुमच्या कपाळावर काहीतरी लागलंय.’’

‘‘हो, राख आहे.’’

‘‘का?’’

‘‘सांगते. पण चार मजले पुरायचे नाहीत. चहाला येतेस?’’