बोली झाकलेली, भाव उघड
राज्यात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. माहिती एका जागी गोळा होत असताना ती कोणी पाहायची, हे आत्ताच ठरवावे लागेल. माहिती न उघडता हिशेब करता येतो, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तशी मागणी करावी असे माझे मत आहे.

जानेवारी 2008 मध्ये डेन्मार्कच्या सुमारे 1,200 शर्कराकंद उत्पादकांनी पुरवठा करारांची खरेदी-विक्री केली. कोणत्या भावाला किती घेणार वा विकणार, हे प्रत्येकाने नोंदवले. पण कोणाचीच बोली ‘डॅनिस्को’ या साखर कंपनीला दिसली नाही. दिसली असती, तर कोणाला किती परवडते ते कळून पुढच्या करारात शेतकरी अडला असता.

समजा बोली 40 टनांची आहे. तिचे 75, 12 आणि उणे 47 असे तुकडे करून तीन संगणकांवर ठेवायचे: कंपनीकडे, उत्पादक संघाकडे, संशोधकांकडे. एकट्या तुकड्यावरून काही कळत नाही. अशा तुकड्यांची बेरीज स्वस्तात होते. महाग पडते ती तुलना, म्हणजे मागणी जास्त की पुरवठा; कारण त्यासाठी संगणकांना आपसांत वारंवार निरोप धाडावे लागतात. शक्य भाव सुमारे 4,000 होते. मधला भाव तपासून दर वेळी निम्मे बाद केले, की साधारण 12 तुलनांत काम भागते. गणित अर्ध्या तासात झाले.

आपल्याकडे उसासाठी हे करायचे तर तिसरा संगणक कृषी विद्यापीठाकडे ठेवता येईल. मात्र संगणक सांभाळणारेच एकमेकांना मिळाले, तर बोली उघडी पडते.