न्यायालयांनी नाही, अल्बमने सांगितलेले



‘तीन न्यायालयांनी दोषी ठरवल्यावर निर्दोषत्वाचे दावे म्हणजे वकिली कसरत,’ असे गेल्या अंकातील पत्रलेखक लिहितात. त्यांनी नाशिकचे प्रकरण वाचलेले दिसत नाही.

जून 2003 मध्ये पेरूच्या बागेत राहणाऱ्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सर्वांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाखांची भरपाईही दिली.

मधल्या काळात नवा पुरावा सापडला, असेही नाही. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधल्या चार वेगळ्याच सराईतांच्या फोटोंवर बोट ठेवले होते. त्या चौघांवर खटला चाललाच नाही. फिर्यादी पक्षाने ही गोष्ट दडवली, असे न्यायालयानेच म्हटले.

प्रत्येक कैद्याचा दावा खरा मानावा, असे मी म्हणत नाही. बरेच दावे पहिल्याच उलटतपासणीत गळून पडतात. पण किती न्यायालयांनी शिक्षा कायम केली हे मोजण्याआधी, त्यांच्यापुढे काय ठेवलेच नाही ते विचारा. शिवाय, नाशिकच्या त्या कुटुंबाला तरी न्याय कुठे मिळाला?

आपला,
एक नियमित वाचक